गेटवर डायरीच बोलते

एकवीस वर्षं मी शहरातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं सकाळी सव्वासातला गेटवर उभी राहिले. बेल्ट, टाय, बूट, नखं, केस. एका पोरामागे चार सेकंद. आता निवृत्त आहे, पण दर उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या कोणत्या ना कोणत्या आईचा प्रश्न असतोच, "मॅडम, ॲडमिशन तर ठरली, आता काय काय सांभाळायचं?" म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी एक खुलासा. आपल्या नागपुरात गल्लीतल्या नर्सरीलाही कॉन्व्हेंटच म्हणतात. मी बोलते आहे ती सिस्टर-फादर चालवतात त्या शाळेबद्दल.

पहिलं काम खरेदीचं नाही, वाचायचं आहे. शाळा डायरी देते, तिच्या सुरुवातीच्या पानांवर नियम असतात आणि खाली पालकांची सही. शंभरातले नव्वद पालक न वाचता सही करतात असं मी म्हणत नाही, पण माझ्या वर्गात वाचलेले हाताच्या बोटांवर मोजता यायचे. एक पेन घ्या. जे विकत आणायचं त्यावर टिक करा. जे तुमच्या घरच्या रीतीला अडेल त्यावर गोल करा. टिक सोपी आहे. खरं काम गोलांचं आहे.

टिकांचं आधी उरकू. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यालाच. त्या दहा-बारा दिवसांच्या भरवशावर सगळे निवांत असतात, आणि मग पंचवीस तारखेला सीताबर्डीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मापाचा स्कर्ट संपलेला असतो. मे महिन्यात संध्याकाळी जाऊन या. गांधीबागेतून कापड घेऊन शिवणार असाल तर शाळेच्या कापडाचा तुकडा सोबत न्या. निळ्यात निळे इतके आहेत, की दुकानाच्या दिव्याखाली जुळलेला रंग मैदानात उघडा पडतो.

स्कर्ट गुडघ्याखाली. पूर्वी काही शाळांत मुलीला गुडघ्यांवर बसवून पाहायचे, घेर जमिनीला टेकतो की नाही. मला तो प्रकार कधीच पटला नाही. तुम्ही घरीच बघा आणि शिंप्याला आत तीन इंच मुडप सोडायला सांगा. वाढत्या वयात पोरी एका दिवाळीत उंच होतात.

जुलैतले पांढरे कॅनव्हासचे बूट ही नागपूरची खरी परीक्षा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्री दोनदा बदला, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सफेदी लावू नका. ओल्या कॅनव्हासवर लावली की पिवळे डाग उठतात. सकाळी डाग दिसलाच तर पांढरा खडू घासा. हे गेटवरच्या बाईने सांगू नये, पण आम्हाला ते दिसायचं आणि आम्ही सोडायचो.

हिवाळ्याचा स्वेटर आत्ताच ठरवा. डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि मामाने दिलेलं लाल जॅकेट गेटवर उतरवलं जातं. एक माप मोठा स्वेटर घ्या, शर्टच्या आत बनियन-थर्मल घालू द्या. आतलं कोणी बघत नाही. केसांचं काय, रविवारी कटिंगवाल्याला नुसतं "बारीक" सांगू नका, "बाजूला रेघ नको" हेही सांगा. मुलींच्या दोन वेण्या, रिबीन शाळा सांगेल त्या रंगाची. नखं रविवारी रात्री.

आता गोल.

कपाळाचं गंध, टिकली, हातातला काळा दोरा, ताईत, राखी, मेंदी, गळ्यातलं पेंडंट. बहुतेक शाळा याला "दागिने व इतर" अशा एकाच ओळीत गुंडाळतात. तुम्ही एकच गोष्ट तपासा: नियम सगळ्यांना सारखा आहे का? साईबाबांचं लॉकेट आणि बाबासाहेबांचं पेंडंट काढायला लावतात, तर क्रॉसही काढायला लावतात का? लावत असतील तर तो दागिन्यांचा नियम आहे, पाळा. लावत नसतील तर प्रिन्सिपलना भेटून शांतपणे विचारा. हा प्रश्न मी स्वतः स्टाफरूममध्ये विचारला होता. दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही, तिसऱ्या दिवशी क्रॉसही शर्टच्या आत गेले.

दोरा काढायचा नसेल तर दंडावर बांधा, बाहीच्या आत राहतो. राखीला एक-दोन दिवस बहुतेक सिस्टर काही म्हणत नाहीत. मेंदीचं गणित वेगळं आहे. तळव्यावरची आठ-दहा दिवसांत जाते, नखावरची नखासोबतच जाते. श्रावणात शाळा चालू असते, तेव्हा नखं सोडून काढा.

शिखांचा पटका आणि कडं, मुलीचा हिजाब, मुंजीनंतरची शेंडी, यांबद्दल ॲडमिशनच्या अर्जासोबतच लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. ऑफिसातल्या बाबूचं तोंडी "चालते ना जी" ऑगस्टमध्ये कोणालाच आठवत नाही.

डायरीचा एवढा आग्रह का, ते सांगते. एका सकाळी सहावीतला एक मुलगा टोपी घालून आला. टोपी गणवेशात नव्हती. मी म्हटलं, "टोपी काढ." त्याने काढली. डोक्याचं मुंडण. मागच्या रांगेतली पोट्टी फिदीफिदी हसली. मी विचारलं, "काय रे, हे काय?" तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या पीरियडला कळलं, वडील वारले होते आणि तेरवी होऊन तो त्या दिवशी पहिल्यांदा शाळेत आला होता. चूक माझी होती, आधी विचारायला हवं होतं. पण गेटवर चार सेकंदांत विचारणं होत नाही, हेही खरं. डायरीत एक ओळ असती तर मी ती उघडून त्याला आत सोडलं असतं.

म्हणून, सुतक, लग्न, मुंज, प्लॅस्टर, त्वचेचा आजार, फाटलेला बूट, काहीही असो, आदल्या रात्री लिहा. "आदरणीय टीचर, घरी दुःखद प्रसंग झाल्याने मुलाचे केस काढले आहेत. महिनाभर टोपीची परवानगी द्यावी." तारीख, सही, फोन नंबर. बस. मराठीत लिहिलं तरी चालतं, वाचणारी टीचर बहुतेक नागपूरचीच असते. सकाळी पोराने डायरी हातात धरूनच गेटमध्ये शिरायचं, दप्तरात नाही.

प्रार्थनेबद्दल आया दबक्या आवाजात विचारतात. सकाळी असेंब्लीत येशूची प्रार्थना होते, शाळेच्या संताच्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, होतो. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो, बाकीच्यांना त्याच वेळी मॉरल सायन्स. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपली शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं, त्यामुळे "प्रार्थनाच बंद करा" असं म्हणून काही होत नाही. पण कलम २८ (३) तुमच्या बाजूने आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत, पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणून ॲडमिशन फॉर्ममधल्या बारीक अक्षरांत ती संमती आधीच लिहिलेली आहे का, हे सही करण्यापूर्वी बघा. नको असेल तर तसं लिहून द्या आणि मुलाला सांगा, सगळे उभे तर तूही उभा, हात जोडायचे नाहीत तर नको जोडू, पण खुसफुस नाही. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गाता नुसतं आदराने उभं राहिल्याबद्दल शाळेतून काढलं होतं, १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. शांत उभं राहण्याला वजन असतं. माझं स्वतःचं म्हणाल, तर माझ्या मुलीने दहा वर्षं हात जोडले आणि घरी येऊन गणपतीची आरतीही तितक्याच जोरात म्हटली.

वागणुकीत सगळ्यात जास्त रिमार्क कशाला, तर "बे"ला. "काय करून राहिला बे?" हे आपल्याकडे प्रेमाचं, पण सिस्टर केरळ किंवा झारखंडच्या असतील तर त्यांना ती शिवीच वाटते. "बे" बसमध्ये ठेवून यायचा, एवढं पोराला शिकवा. मोबाईलबद्दल मी बोलणारच नाही, घरी ठेवा.

उशिराचं: डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स-सदरकडचे रस्ते मोर्च्यांसाठी अडवतात. त्या दिवसांत सकाळी वीस मिनिटं आधी निघा, आणि सुटीनंतर घ्यायला येणाऱ्या ऑटोवाल्याशी पर्यायी रस्ता आधीच बोलून ठेवा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या दिवशी, सुटी नसेल तर अर्ज आदल्या दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी "ताप होता" लिहू नका. पोराच्या हाताला बैलाचा रंग तसाच असतो.

लाल रिमार्क आलाच तर गेटवर "काहून रोकून राहिले पोट्ट्याले?" म्हणत भांडू नका. तिथे उभ्या बाईच्या हातात काही नसतं आणि तुमच्या पोराच्या मागे तीनशे पोरं ऐकत असतात. रिमार्कखाली सही करा, एका ओळीत उत्तर लिहा, भेटीची वेळ मागा. अपवाद एकच. मारलं असेल किंवा धर्मा-जातीवरून बोललं गेलं असेल, तर डायरीत नाही, प्रिन्सिपलच्या नावाने अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात एक डबी ठेवा: दोन सेफ्टी पिन, रिबिनीचा तुकडा, शर्टाचं बटण, खडू. टाय इलास्टिकचा घ्या. गाठ बांधायला शिकवणार असाल तर सातवीनंतर.