पासवर्ड बरोबर, घड्याळ चुकीचं

ऑफिसातल्या सगळ्या सॉफ्टवेअरना एकच लॉगिन करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सॅमल २.० (एका ठिकाणी लॉगिन झालं की तशी चिठ्ठी बाकीच्या सॉफ्टवेअरना देणारी पद्धत) वापरून जोडणी केली. रजेचं पोर्टल तासाभरात सुरू झालं. अडलं ते आमच्याच सर्व्हरवरचं हिशोबाचं सॉफ्टवेअर. पासवर्ड घ्यायचं, ओटीपी घ्यायचं आणि पुन्हा लॉगिनच्या पानावर आणून सोडायचं. सर्टिफिकेट दोनदा नव्याने चढवलं, यूआरएलमधला शेवटचा स्लॅशसुद्धा तपासला. अकाउंट्सच्या मॅडम दर दहा मिनिटांनी "झालं का हो?" विचारत होत्या.

शेवटी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून सॅमलचं उत्तर, म्हणजे ती चिठ्ठी पकडली आणि तिचं बेस६४ (मजकूर अक्षर-अंकांत बदलून पाठवायची पद्धत) उलगडून वाचली. त्यात 'नॉटबिफोर', म्हणजे ही चिठ्ठी कधीपासून ग्राह्य, ती वेळ होती ०५:४२ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपले ११:१२. सर्व्हरवर मात्र तेव्हा ११:०५! त्याच्या लेखी चिठ्ठी उद्याची. तो कशाला मानेल?

फायरवॉलने यूडीपी १२३ पोर्ट अडवला होता, त्यामुळे एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) वेळ जुळतच नव्हती. पोर्ट उघडला, सर्व्हरवरचं वेळ जुळवणारं क्रोनी रीस्टार्ट केलं. पहिल्याच फटक्यात लॉगिन.

घड्याळात किती मिनिटांचा फरक चालेल ती सवलत वाढवूनही भागलं असतं, पण ती मलमपट्टी झाली असती. एकच लॉगिन पुन्हा अडलं तर आत शिरता यावं म्हणून एक ॲडमिन खातं मात्र मुद्दाम जुन्याच पासवर्डवर ठेवलंय.