कॅलिफोर्नियात सरकार जागा घेतंय? अप्रेझलचा (जागेची किंमत ठरवून घेण्याचा) खर्च मागून घ्या
कॅलिफोर्नियात रस्त्या-रेल्वेसाठी सरकारी एजन्सीने तुमची जागा घ्यायची ऑफर पाठवली असेल तर घाईघाईत सही करू नका प्लीज. तिथल्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम १२६३.०२५ प्रमाणे तुम्ही स्वतः करून घेतलेल्या स्वतंत्र अप्रेझलचा वाजवी खर्च, जास्तीत जास्त ५,००० डॉलर, एजन्सीने द्यायचा असतो, फक्त अप्रेझर राज्याचं लायसन्स असलेला हवा, आणि बिलं जपून ठेवा. जागेचा तुकडाच जात असेल तर उरलेल्या जागेची किंमत किती घटते हेही त्याच्याकडून लेखी काढून घ्या, लोक नेमकं हेच विसरतात आणि खरं नुकसान बरेचदा तिथेच असतं. तिथे धंदा चालत असेल तर गेलेल्या गुडविलची (धंद्याच्या नावाची, जमलेल्या गिऱ्हाइकांची किंमत) भरपाई वेगळी मागता येते.