बिल्डरवर सगळ्यांनी मिळून केस करायचीये? आधी हे ठरवा

पझेशन रखडलंय, ग्रुपवर रोज भांडणं चाललीत आणि कुणीतरी म्हणतं चला सगळे मिळून ग्राहक आयोगात जाऊ. जरूर जा, पण वकिलाकडे जायच्या आधी एकच ठरवा: प्रोजेक्टमधल्या झाडून सगळ्या ग्राहकांच्या वतीने लढायचंय, की फक्त सह्या करणाऱ्यांसाठी?

सगळ्यांच्या वतीने असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३५(१)(सी), आणि त्याला आयोगाची परवानगी लागते. सगळ्यांचं हित सारखं कसं आहे ते तक्रारीतच नीट लिहा, कारण बंगळुरूच्या ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या केसमध्ये नेमकं तिथेच अडलं. ११३४ फ्लॅटचा प्रोजेक्ट, तक्रारीला आले ५१ फ्लॅटचे ९१ जण, वेगवेगळ्या बिल्डिंगचा उशीरही सारखा नव्हता, मग डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की उरलेल्यांचं हितही हेच आहे हे तुम्ही मांडलेलंच नाही. पण कोर्टाने त्यांना घरी नाही पाठवलं, ९१ जणांची एकत्र तक्रार म्हणून केस चालू ठेवली. माझं स्पष्ट मत, वीस-पंचवीस जणच पक्के असतील तर हीच एकत्र तक्रार करा, उगाच सगळ्यांचा भार घेऊ नका.

सगळ्यांसाठीची परवानगी मिळाली की बाकीच्यांना नोटीस द्यावी लागते, माणसं खूप असली तर पेपरात जाहिरात, खर्च तुमचा, तेव्हा वर्गणी आधीच काढा. नोटीस बघून कुणीही अर्ज करून सामील होऊ शकतं. दोघा-तिघांनी बिल्डरशी गुपचूप तडजोड करून केस मिटवली असं इथे चालत नाही, सगळ्यांना कळवावंच लागतं. आणि निकाल सगळ्यांना बंधनकारक, विरोधात गेला तरी, हे ग्रुपवर आधीच स्पष्ट सांगा.

बिल्डरला उत्तराला ३० दिवस, वर फार तर १५. त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेच ठरवलंय, म्हणून बिल्डरला तक्रारीची नोटीस पोचल्याची तारीख लिहून ठेवा आणि ४५ दिवस उलटले की वकिलाला आठवण करा.

तक्रार करायची तुमची मुदत दोन वर्षं. राहायला येऊन बरीच वर्षं झाली पण ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेचा दाखला) अजून नाही, तरी सोडून देऊ नका: मुंबईच्या समृद्धी सोसायटीच्या केसमध्ये जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ओसी न देणं ही चालूच राहणारी चूक आहे, त्यामुळे मुदत संपली म्हणून तक्रार फेटाळता येत नाही.