जुन्या गाडीचे लाइट मंद? बल्ब नंतर, आधी अर्थिंग बघा

बडोद्यात पावसाळा सरला की जुन्या गाड्यांचे हेडलाइट मिणमिणायला लागतात, आणि दांडिया बाजारातले आपले लोक लगेच बल्ब आणायला धावतात. थांबा जरा! गाडी चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक, १३ च्या खाली असेल तर बेल्ट नि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बघा. चार्जिंग बरोबर असूनही उजेड कमी? मग लाइट लावूनच मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला नि दुसरी हेडलाइटच्या अर्थ वायरला (म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेल्या मायनस वायरला), अर्धा व्होल्ट दाखवला तरी समजा अर्थिंग खराब. बॅटरीचा मायनस काढून अर्थ वायरचा बोल्ट खोला, खालचा गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसू द्या, परत घट्ट आवळा. आणि जास्त वॅटचे बल्ब रिलेशिवाय (बल्बचा जास्त करंट मुख्य स्विचऐवजी स्वतःवर घेणारा वेगळा स्विच) टाकू नका, स्विच वितळतो.