अमेरिकेत पूर्वी मुदत ओलांडली असेल किंवा परत पाठवलं असेल, तर व्हिसासाठी वेव्हर कसा मागावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुणाचा अमेरिकेचा व्हिसा जुन्या प्रकरणामुळे अडला की एक सल्ला हमखास मिळतो: "नवा पासपोर्ट काढा आणि दुसऱ्या शहरातून अर्ज टाका." या सल्ल्याने माणसं कायमची अडकतात. व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. पासपोर्टचा क्रमांक बदलला, आडनावाचं स्पेलिंग बदललं, तरी ठसे तेच राहतात आणि जुनी फाइल समोर येते. त्या वेळी जुन्या चुकीपेक्षा नवी लपवाछपवी मोठी ठरते. अमेरिकेच्या कायद्यात सूट मागण्याची वाट आहे. ती धरायची तर जुनं प्रकरण तारीखवार उघड मांडावं लागतं.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. "व्हिसा वेव्हर" नावाची एक योजना आहे, तिच्याखाली काही देशांचे नागरिक व्हिसाविना ९० दिवस अमेरिकेत जाऊ शकतात. भारत त्या यादीत नाही. जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरांना दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीतून मिळणारी सूट हे तिसरंच प्रकरण. हा लेख अपात्रतेच्या वेव्हरबद्दल आहे, म्हणजे कायद्याने व्हिसाला अपात्र ठरलेल्या माणसाला मिळणाऱ्या परवानगीबद्दल.

पहिली पायरी: नकार कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा

मुलाखतीनंतर हातात पडलेला कागद शोधा. त्यावर कलम लिहिलेलं असतं.

२१४(बी) असेल तर वेव्हरचा प्रश्नच येत नाही. हा नकार "तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही" एवढाच असतो. त्यावर सूट नाही, परिस्थिती बदलल्यावर पुन्हा अर्ज करणं हाच उपाय. बहुतेकांचा नकार याच कलमाखाली असतो, आणि त्यावर "वेव्हर काढून देतो" म्हणून पैसे घेणारा एजंट फसवतो आहे असं खुशाल समजा. २२१(जी) म्हणजे कागद अपुरे किंवा चौकशी बाकी.

वेव्हर लागतो तो २१२(ए)च्या पोटकलमांना. जुन्या इमिग्रेशन प्रकरणांत मुख्यतः तीन भेटतात:

२१२(ए)(९)(बी): बेकायदा वास्तव्य. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी राहून स्वतःहून बाहेर पडलात तर ३ वर्षं बंदी. एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं.

२१२(ए)(९)(ए): परत पाठवणी. विमानतळावरूनच तातडीच्या आदेशाने परत पाठवलं असेल तर ५ वर्षं, न्यायाधीशाच्या आदेशाने असेल तर साधारणतः १० वर्षं, दुसऱ्यांदा असेल तर २० वर्षं.

२१२(ए)(६)(सी): खोटी माहिती किंवा खोटा कागद देऊन व्हिसा किंवा प्रवेश मिळवणं, अथवा तसा प्रयत्न करणं. ही अपात्रता जन्मभर राहते. बनावट अनुभवपत्र आणि फुगवलेलं बँक स्टेटमेंट इथेच पकडलं जातं.

यांपेक्षा अवघड कलम (९)(सी)चं आहे. एकूण एक वर्षाहून जास्त बेकायदा राहून, किंवा परत पाठवल्यानंतर, चोरवाटेने पुन्हा आत शिरलेल्यांना ते लागतं. कायम स्थलांतरासाठी त्यांना आधी १० वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात, त्यानंतरच परवानगी मागता येते.

दुसरी पायरी: दिवस मोजा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्का दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरच्या तारखेपर्यंतच असते. उदाहरणार्थ, आय-९४ची मुदत १० मार्च २०१९ ला संपली आणि परतीचं विमान २० डिसेंबर २०१९ चं होतं. म्हणजे २८५ दिवस. १८० च्या वर, वर्षाच्या आत. बंदी ३ वर्षांची, ती २० डिसेंबर २०२२ ला संपली. अशा माणसाला आज या कलमासाठी वेव्हर लागत नाही. पण अर्जात जास्त राहिल्याचं सांगावं लागतंच, आणि अधिकारी ते २१४(बी)साठी विचारात घेतो. मुदत ओलांडली की जुना व्हिसाही रद्द होतो, त्यावर दहा वर्षांची तारीख दिसत असली तरी.

विद्यार्थ्यांचा हिशोब वेगळा आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी "डी/एस" असं असे, म्हणजे शिक्षण नियमानुसार चालू असेपर्यंत मुदत. कॉलेज सुटलं, नोंद रद्द झाली, तरी इमिग्रेशन खात्याने किंवा न्यायाधीशाने तसा निर्णय दिल्याशिवाय बेकायदा दिवस मोजायला सुरुवात होत नाही. नियमभंग झालेला असतोच, पण ३ किंवा १० वर्षांची बंदी लागलेली नसते. वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याआधीचे दिवसही या हिशोबात धरत नाहीत.

विमानतळावरून परतलेल्यांनी आपला कागद नीट वाचावा. आय-२७५ असेल तर प्रवेशाची विनंती तुम्ही मागे घेतलीत अशी नोंद आहे, तिने आपोआप बंदी येत नाही. आय-८६० असेल तर तो परत पाठवणीचा आदेश. सोबतच्या आय-२९६ वर किती वर्षांची बंदी ते खूण करून दिलेलं असतं.

तिसरी पायरी: स्वतःची फाइल मागवा

कागद हरवला असेल तर आठवणीवर अर्ज भरू नका. आय-९४च्या अधिकृत संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकला की मागच्या दहा वर्षांतल्या ये-जा नोंदी दिसतात. त्याआधीच्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अमेरिकन कायदा आहे, त्याखाली भारतात बसून ऑनलाइन अर्ज करता येतो. सीमा विभागाची फाइल, इमिग्रेशन सेवेची फाइल आणि इमिग्रेशन कोर्टाची फाइल या तीन वेगळ्या ठिकाणी असतात, म्हणून अर्जही वेगळे. उत्तर यायला महिने लागू शकतात, तेव्हा हे काम सगळ्यात आधी सुरू करा. अटक झाली असेल तर एफबीआयकडून स्वतःचा गुन्हे-अहवाल १८ डॉलर भरून मिळतो, आणि त्या कोर्टाकडून खटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी लागते. खटला रद्द झाला असला तरी ती प्रत हवी.

चौथी पायरी: डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरताना

जुना नकार, मुदत ओलांडणं, परत पाठवणी, या प्रत्येकावर थेट प्रश्न आहे. जे घडलं त्याला "हो" म्हणा आणि खालच्या चौकोनात दोन-तीन वाक्यांत तारखांसह लिहा. एजंटने "नाही"वर खूण केली तरी सही तुमची असते. जन्मभराची बंदी बऱ्याचदा मूळ प्रकरणाने येत नाही, या एका खोट्या "नाही"ने येते.

आपल्या भागाची खास अडचण नावांची आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दफ्तरी "बेळगावी" झालं, पण शाळेच्या दाखल्यावर आणि जुन्या पासपोर्टवर "बेलगाम" असतं. जन्मस्थान हातातल्या पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. नावांचंही तसंच. मधलं नाव कधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, माहेरचं आडनाव वेगळं, त्यात कन्नड कागदावरून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग आणखी निराळं. ही सगळी रूपं "वापरलेली इतर नावं" या रकान्यात लिहा. तिथे मोकळेपणाने दिलेलं नाव निरुपद्रवी असतं, पुढे सापडलेलं नाव संशय वाढवतं.

पाचवी पायरी: फाइल बांधा

पर्यटन, व्यवसाय, शिक्षण किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसासाठी वेव्हर २१२(डी)(३) खाली मिळतो. दूतावासामार्फत मागताना त्याला वेगळा फॉर्म नाही आणि वेगळं शुल्कही नाही. व्हिसाचं शुल्क तेवढं भरायचं, पर्यटन व्हिसासाठी मूळ रक्कम १८५ डॉलर. निर्णय १९७८ च्या ह्रांका प्रकरणातल्या तीन कसोट्यांवर होतो: तुम्हाला आत घेतल्याने समाजाला धोका किती, जुना नियमभंग किती गंभीर, आणि आता जाण्याचं कारण काय. फाइल याच क्रमाने लावा.

सुरुवातीला इंग्रजीत दीड-दोन पानी निवेदन. त्यात काय झालं, कधी झालं, तेव्हा काय माहीत होतं आणि त्यानंतर काय बदललं. "एजंटने फसवलं" एवढंच लिहून थांबू नका. एजंटचा दोष असेल तर त्याला दिलेल्या पैशांची पावती, त्याचे मेसेज, तक्रार केली असल्यास तिची प्रत जोडा, आणि आपला वाटा किती तोही लिहा. "मुदत १० मार्चला संपते हे मला ठाऊक होतं, तरी मी थांबलो" हे वाक्य लिहिताना जड जातं. पण ज्या निवेदनात असं एकही वाक्य नसतं ते वाचणाऱ्याला पटत नाही.

मग पुरावे: पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ते पासपोर्ट सेवेतून मिळतं. मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. फाउंड्री, तंबाखू किंवा दुकानाचा धंदा असेल तर जीएसटीची कागदपत्रं, नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि रजामंजुरी. शेती असेल तर कर्नाटकातला आरटीसी उतारा, चंदगड-गडहिंग्लजकडची जमीन असेल तर सातबारा. दोन राज्यांतले दोन नमुने पाहून अधिकारी गोंधळू नये म्हणून एका ओळीचा खुलासा जोडा. जाण्याच्या कारणाचा पुरावा सगळ्यात ठोस हवा. लेकीच्या बाळंतपणासाठी जाणार असाल तर डॉक्टरांचं पत्र आणि अपेक्षित तारीख, व्यवसायासाठी जाणार असाल तर तिकडच्या कंपनीचं पत्र. "फिरायला" हे कारण चालतं, पण गंभीर नियमभंगासमोर ते हलकं पडतं.

कन्नड आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर हवं. भाषांतर स्वतः करू नका. करणाऱ्याने खाली "मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे" असं इंग्रजीत लिहून नाव, पत्ता, सही, तारीख द्यावी. कोर्टाच्या आवारातून स्टॅम्प पेपर आणि नोटरी करून आणायची सवय आपल्याकडे आहे. शिक्का असला तर बिघडत नाही, नसला म्हणून हे भाषांतर अडत नाही. ओळखीच्या नगरसेवकाचं शिफारसपत्र वगळलं तरी चालेल.

सहावी पायरी: मुलाखत

बेळगावकर बहुधा मुंबई निवडतात. ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून मुक्कामाची सोय धरूनच निघा. मुलाखतीत आधी २१४(बी) पार करावं लागतं, म्हणजे परत येण्याची खात्री पटवावी लागते. तिथे अडलात तर वेव्हरची फाइल उघडलीच जात नाही. त्यानंतर स्पष्ट शब्दांत विनंती करा: "मी या कलमाखाली अपात्र आहे हे मला मान्य आहे, २१२(डी)(३) वेव्हरसाठी शिफारस करावी." अधिकाऱ्याला पटलं तर तो शिफारस पाठवतो, अंतिम निर्णय अमेरिकेच्या सीमा विभागाचं कार्यालय घेतं. याला अनेक महिने लागतात, तेव्हा लग्नाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून आधी तिकीट काढू नका. शिफारस झाली नाही तर अपील नाही. नवा अर्ज, नवं शुल्क, आणि मधल्या काळात खरोखर बदललेलं काहीतरी दाखवावं लागतं.

ग्रीन कार्डाची वाट

कायम स्थलांतरासाठी फॉर्म वेगळे: अपात्रतेसाठी आय-६०१ (शुल्क १,०५० डॉलर), परत पाठवणीनंतरच्या परवानगीसाठी आय-२१२ (१,१७५ डॉलर). हे एप्रिल २०२४ पासूनचे दर आहेत, भरण्याआधी ताजे पाहून घ्या. बेकायदा वास्तव्य आणि खोटी माहिती या दोन्हींसाठी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती-पत्नीला अथवा आई-वडिलांना "अतिशय कठीण हाल" सोसावे लागतील हे सिद्ध करायचं असतं. मुलं या यादीत नाहीत. मुलाच्या आजारपणाचा भार तिकडच्या पत्नीवर कसा पडतो असं मांडावं लागतं. विरह हा एकटा पुरेसा ठरत नाही. औषधोपचार, कर्ज, भारतात आल्यास बुडणारी नोकरी हे कागदांनिशी दाखवा. हे फॉर्म वकिलाशिवाय भरू नयेत. वकील अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या बारचा, म्हणजे वकिलांच्या नोंदणी संस्थेचा, सदस्य आहे का, हे त्या बारच्या संकेतस्थळावर पाहता येतं.

व्हिसा मिळाल्यावर

शिक्क्यावर वेव्हरची नोंद असते. प्रवासात निवेदनाची आणि मंजुरीची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको, कारण विमानतळावर पुन्हा प्रश्न विचारले जाऊ शकतात. उतरल्यावर त्याच दिवशी आय-९४ची नवी तारीख संकेतस्थळावर पाहा, तिचा फोटो घरच्यांना पाठवा आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या किमान आठवडाभर आधीचं ठेवा. वेव्हरला मुदत असते. पुढच्या व्हिसासाठी तो पुन्हा मागावा लागेल, म्हणून ही सगळी फाइल, निवेदनासकट, जपून ठेवा. पुढच्या वेळी तारखा एका दिवसानेही इकडे-तिकडे होता कामा नयेत.