जुनं कंपाउंड धनुष्य ठेवायचं की बदलायचं? शिकारीसाठी निर्णय कसा घ्यावा

जुन्या कंपाउंडबद्दल, म्हणजे टोकांवर चाकं (कॅम) आणि केबल असलेल्या धनुष्याबद्दल, कुणालाही विचारा, दोनच उत्तरं मिळतात. एक तर "नवीन घे, तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलंय", नाहीतर "जुनं ते सोनं, अजून दहा वर्षं चालेल." दोन्ही उत्तरं देणाऱ्याने तुमचं धनुष्य हातात घेतलेलं नसतं आणि तुम्हाला ते ओढताना पाहिलेलंही नसतं. खाली जो क्रम दिला आहे, त्याच क्रमाने जा. वेगाचे आकडे मुद्दाम शेवटाकडे ठेवले आहेत, कारण बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

१. आधी ते सुरक्षित आहे का, ते पाहा

इथे तडजोड नाही. कापसाचा बोळा घेऊन दोन्ही लिम्बवरून (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांवरून), कडांवरून आणि टोकांजवळून हळू फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे बारीक चीर किंवा सुटलेला थर असतो. बोटाने तपासू नका, फायबरग्लासची कुसळं कातडीत शिरतात. ॲक्सलजवळचा (कॅम ज्यावर फिरतो त्या दांडीजवळचा) भाग आणि लिम्ब जिथे रायझरच्या (मधल्या मुठीच्या भागाच्या) खाचेत बसतो तो भाग भर उजेडात बघा. कॅमच्या खाचेला ओरखडा आहे का, कॅम ओढताना एका बाजूला लवंडतो का, ॲक्सल वाकला आहे का, हेही बघा. धनुष्य कधी बाणाशिवाय सुटलं असेल तर तपासणी दुप्पट काळजीने करा. त्या वेळी बाणात जाणारी सगळी ताकद लिम्ब आणि कॅममध्येच जिरते.

लिम्बला तडा असेल तर पुढचं वाचण्याआधी ते धनुष्य बाजूला ठेवा. चिरेत गोंद भरून वापरण्याचा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी धास्तावलो आहे. ते लिम्ब तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फुटणार असतं.

२. सुटे भाग मिळतात का?

स्ट्रिंग (बाण सोडणारी दोरी) आणि केबल (कॅमना जोडलेल्या बाकीच्या दोऱ्या) लांबी सांगून जवळपास कुठल्याही धनुष्यासाठी बनवून मिळतात. बंद झालेल्या मॉडेलचे लिम्ब आणि कॅमचे मॉड्यूल (ओढीची लांबी ठरवणारे तुकडे) मिळणं अवघड. फार जुन्या धनुष्यात पोलादी केबल असतात. त्यावर आजची न ताणणारी स्ट्रिंग चढवायची असेल तर उत्पादकाची परवानगी आहे का ते आधी बघा, नाहीतर धक्का थेट लिम्बच्या टोकांना बसतो.

३. ड्रॉ लेंग्थ

ड्रॉ लेंग्थ म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावरची ओढीची लांबी. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. ७० इंच आले तर साधारण २८. हा ढोबळ अंदाज आहे, पण फार लांब ओढीचं धनुष्य वापरणाऱ्याला जागं करायला पुरेसा आहे. स्ट्रिंग गालाच्या मागे जाते, पुढचा कोपर ताठ होतो, डोकं मागे झुकतं, अशी लक्षणं असतील तर ड्रॉ लेंग्थ जास्त आहे. अर्ध्या इंचानेही नेम बदलतो. मॉड्यूल बदलून ती बसवता आली तर उत्तम. जुन्या कॅमला तशी सोयच नसेल तर निर्णय इथेच झाला: धनुष्य बदला. अंगाला न बसणारं धनुष्य सरावाने सुधारत नाही, उलट चुकीच्या सवयी पक्क्या होतात.

४. तुलना बरोबरीची करा

हा टप्पा मला सगळ्यात उशिरा उमगला आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. तुमच्या हातात असतं वर्षानुवर्षं ताणलेल्या केबलचं, टायमिंग (दोन्ही कॅमचं एका तालात फिरणं) हललेलं, कुठल्यातरी उरलेल्या बाणांनी चालवलेलं धनुष्य. दुकानात मिळतं नव्या स्ट्रिंगचं, नुकतंच जुळवलेलं, बऱ्याचदा ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारं बळ) मुद्दाम खाली उतरवून ठेवलेलं धनुष्य. दहा यार्डांवरून वीस बाण मारले की नवीन लोण्यासारखं वाटणारच. ही तुलना देखभाल झालेल्या आणि न झालेल्या धनुष्याची आहे, नव्याजुन्याची नाही.

म्हणून आधी जुनं धनुष्य त्याच्या मूळ रूपात आणा. केबल लांबल्या की लिम्ब सैलावतात, ड्रॉ वेट उतरतं, ड्रॉ लेंग्थ वाढते आणि वेग कमी होतो. "या धनुष्यात आता दम राहिला नाही" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांना फक्त नवी स्ट्रिंग आणि केबल हवी असते. हे काम योग्य प्रेसवरच (लिम्ब दाबून दोरीचा ताण उतरवणाऱ्या यंत्रावरच) करा. आडव्या, जवळजवळ समांतर लिम्बच्या धनुष्याला सगळे प्रेस चालत नाहीत, आणि चुकीच्या जागी दाब पडला तर चांगलं लिम्बही जातं. स्वतःकडे साधन नसेल तर जाणकाराकडे न्या. ओढलेल्या धनुष्यात दोरी सोडवण्याचे घरगुती उपाय करू नका.

नवी स्ट्रिंग चढली की ॲक्सल ते ॲक्सल अंतर आणि ब्रेस हाइट (न ओढलेल्या दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर) उत्पादकाच्या आकड्यांशी ताडून पाहा. मग कॅमचं टायमिंग. दोन कॅमच्या धनुष्यात वरचा आणि खालचा कॅम पूर्ण ओढीच्या टोकाला एकाच क्षणी थांबले पाहिजेत. एक आधी थांबला तर मागची भिंत (ओढीच्या शेवटी लागणारा अडसर) मऊ लागते आणि बाणाचं शेपूट वरखाली हेलकावतं. हे स्वतः ओढून दिसत नाही. ड्रॉ बोर्डवर (ओढलेलं धनुष्य धरून ठेवणाऱ्या साधनावर) धनुष्य ओढून ठेवा आणि बाजूने बघा, किंवा तुम्ही ओढत असताना दुसऱ्याला बघायला सांगा. दुरुस्ती केबलला पीळ देऊन होते: पीळ वाढला की केबल आखूड होते. एका वेळी अर्धा पीळ, मग पुन्हा तपासणी. घाई करणारे इथे चार पीळ देतात आणि आपण कुठून निघालो तेच विसरतात, म्हणून आधी प्रत्येक माप लिहून ठेवा.

त्यानंतर बाण. बाणाचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन, ड्रॉ वेट, ड्रॉ लेंग्थ आणि टोकाच्या वजनाशी जुळला नसेल तर जगातलं सर्वोत्तम धनुष्यही विखुरलेले बाण देईल. काही पावलांवरून कागदातून बाण मारा. फाट एका बाजूला लांबत असेल तर रेस्ट (बाण टेकतो तो आधार) आणि स्पाइन दोन्ही तपासा. कागद साफ फाटला तरी समाधान मानू नका. खरी परीक्षा ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या धारदार पात्यांच्या टोकाची, आहे. स्थिर पात्याचं ब्रॉडहेड आणि सरावाचं टोक, दोन्हींचं वजन सारखं, वीस आणि तीस यार्डांवर. दोन्हीचे बाण एकाच जागी बसले तर धनुष्य जुळलं आहे. वेगळ्या जागी बसले तर साइट (नेम धरायचं साधन) सरकवून ते झाकू नका, रेस्ट आणि टायमिंगकडे परत जा.

एवढं झाल्यावरच नव्याशी तुलना करा, आणि तीही शिकारीच्या परिस्थितीत. अंग तापवायचं नाही. शिकारीचे जाड कपडे घालायचे, खाली बसायचं आणि दिवसाचा पहिला, एकच बाण मारायचा. तो कुठे लागला ते लिहायचं. दुसरा बाण मोजायचा नाही, कारण शिकारीत तो बहुधा मिळत नाही. काही आठवडे असं करा, आणि उसनं मिळालं तर नव्या धनुष्यानेही करा. या कोरड्या नोंदीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही परीक्षणाने शिकवलं नाही. नव्याजुन्याच्या नोंदी सारख्याच आल्या तर तुमचा प्रश्न धनुष्याचा नाही.

५. वेग आणि ऊर्जा

जाहिरातीतला वेग ७० पाउंड ड्रॉ वेट, ३० इंच ड्रॉ लेंग्थ आणि ३५० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) हलक्या बाणावर मोजलेला असतो. तुम्ही ६० पाउंड, २८ इंच आणि ४२० ग्रेनचा बाण वापरत असाल तर ३३० फूट प्रति सेकंद लिहिलेलं धनुष्य तुमच्या हातात ढोबळमानाने २६५ च्या आसपास येतं. जुनं समजा २४० देतं.

या फरकाने काय मिळतं? बाणाचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, म्हणजे फूट-पाउंडमधली ऊर्जा. जुन्याची येते सुमारे ५४. धनुर्धाऱ्यांमध्ये रूढ असलेल्या मापानुसार हरणाच्या आकाराच्या जनावराला २५ ते ४१ आणि एल्क किंवा रानडुकरासारख्या मोठ्याला ४२ ते ६५ पुरतात. म्हणजे धारदार ब्रॉडहेड आणि योग्य जागी लागलेला बाण असेल तर जुनं धनुष्य इथे कमी पडत नाही. अंतराचा अंदाज चुकला तर वेग वाचवतो, असंही सांगतात. हिशेब करून बघा: तुम्हाला ३० यार्ड वाटले आणि जनावर ३३ वर होतं, तर हवेचा अडथळा सोडून २४० च्या वेगाला बाण सुमारे साडेसात सेंटिमीटर खाली लागतो, २६५ ला सुमारे सहा. दीड सेंटिमीटरसाठी धनुष्य बदलण्यापेक्षा लेझर रेंजफाइंडर घ्या, अंदाजाची चूकच संपते.

आवाजाचंही तसंच. आवाज ३० यार्ड सुमारे ०.०८ सेकंदात कापतो, बाणाला त्याच्या चौपटीहून जास्त वेळ लागतो. सावध जनावर तेवढ्यात खाली दबतं किंवा वळतं. नव्या धनुष्याचा वेगही आवाजाला गाठत नाही. म्हणून धनुष्य शांत करा. जड बाण जास्त ऊर्जा स्वतःकडे घेतो आणि धनुष्य कमी आवाज करतं. स्ट्रिंगवरचे सायलेन्सर स्वस्तात काम करतात.

६. बदलण्याची खरी कारणं

सगळ्यात मोठं कारण लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढीत हातावरचा भार किती टक्क्यांनी कमी होतो ते. होलेस विल्बर ॲलन यांना कंपाउंडचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. त्यानंतरच्या बऱ्याच जुन्या धनुष्यांत लेट-ऑफ ५० टक्क्यांच्या आसपास असे, मग ६५ आलं, आता ८० ते ८५ नेहमीचं झालं आहे. ६० पाउंडाचं धनुष्य ५० टक्क्यांवर पूर्ण ओढीत ३० पाउंड धरायला लावतं, ८० टक्क्यांवर फक्त १२. जनावर झाडाआड थांबलं आणि तुम्ही ओढून बसला आहात, तेव्हा हा फरक हात थरथरतो की नाही ते ठरवतो. थरथरत्या हाताने सोडलेला बाण जनावराला मारत नाही, जखमी करून पळवतो, आणि ते कुठल्याही शिकाऱ्याला सहन होता कामा नये. जास्त लेट-ऑफमध्ये ओढ सैल सोडण्याची सवय लागते हे खरं, पण सरावाने ती जाते.

दुसरं कारण खांदा. बसून, धनुष्य आभाळाकडे न उचलता, सावकाश ओढता येतं का ते बघा. येत नसेल तर आधी दोन्ही लिम्ब बोल्ट समान फेरे सैल करून ड्रॉ वेट कमी करा, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच. तुमच्या भागात शिकारीसाठी किमान ड्रॉ वेटचा नियम असेल तर तोही पाळा. त्या मर्यादेतही जमत नसेल तर नवं, गुळगुळीत कॅमचं धनुष्य घ्या. तिसरं कारण लांबी: मचाणावर किंवा तंबूत लांब धनुष्य अडकत असेल तर आखूड घेणं शहाणपणाचं.

रंग, नवं मॉडेल, मित्राने घेतलं, ही कारणं नाहीत.

७. घ्यायचंच ठरलं तर

धनुष्याच्या किमतीत बाण धरा. साइट आणि रेस्ट बहुधा नव्यावर चढतात, पण जुने बाण नव्या कॅमला मऊ पडू शकतात. काही वर्षांचं वापरलेलं धनुष्य हा अनेकांसाठी उत्तम मधला मार्ग आहे, फक्त पहिल्या टप्प्यातली कापसाची तपासणी पैसे देण्याआधी करा. हंगामाच्या काही महिने आधी घ्या. नवी स्ट्रिंग पहिल्या शंभर-दोनशे बाणांत बसते, तोवर पीप (नेम धरायला दोरीत बसवलेलं छोटं छिद्र) फिरतं आणि टायमिंग हलतं, म्हणून त्यानंतर पुन्हा सगळं तपासा.

जुनं सुरक्षित असेल तर एक हंगाम राखीव ठेवा, जुळवलेलं आणि त्याच्या बाणांसकट. लिम्बला तडा गेलेलं मात्र नवशिक्याला किंवा मुलाला "सरावापुरतं" म्हणून देऊ नका. जाणकाराकडून प्रेसवर ताण उतरवून घ्या, साइट, रेस्ट आणि चांगले स्क्रू काढून घ्या आणि लिम्ब पुन्हा कुणी वापरू शकणार नाही अशा रीतीने मोडून टाका.