एक्स-रे विभागात पहिलं पोस्टिंग? या चुका टाळा

मिरजेच्या दवाखान्यांत पोस्टिंगला येणाऱ्या, एक्स-रे काढायला शिकणाऱ्या मुलांना केव्ही आणि एमएएस (किरणांचा जोर आणि प्रमाण ठरवणारे मशीनवरचे आकडे) लवकर जमतात. चुका होतात त्या बटण दाबण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात. कारण बहुतेक वेळा दोनच: विचारायचा संकोच, नाहीतर बाहेरच्या बाकावरची गर्दी.

हाक मारली, उठला त्याला आत घेतलं

सांगली जिल्ह्यात "पाटील!" अशी हाक मारून बघा, निम्मा बाक उठतो. "सुनंदा पाटील ना?" असंही विचारू नका, कमी ऐकू येणारी आजी कशालाही "हो" म्हणते. "आजी, पूर्ण नाव सांगा, वय किती, गाव कुठलं?" असं विचारा आणि उत्तर केस पेपरशी ताडून बघा. मग दुखतंय तिथं हात लावून दाखवायला सांगा. चिठ्ठीवर उजवा गुडघा लिहिलाय आणि आजी डावा दाखवतायत, तर तिथंच थांबून चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा. आपल्या मनानं बाजू बदलायची नाही, आणि दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढून मोकळंही व्हायचं नाही. आर-एलचा, म्हणजे उजवी-डावी बाजू दाखवणारा, मार्कर एक्सपोजरच्या (किरण सोडण्याच्या) आधीच लावा. नंतर कॉम्प्युटरवर टाकू म्हटलं की उलटी बाजू पडते ती तिथंच.

अथणी-चिकोडीकडचे कितीतरी पेशंट फक्त कन्नड बोलतात. "श्वास धरा" हे मोठ्यानं ओरडलं म्हणून त्यांना कळत नाही. दोन वाक्यं शिकून घ्या आणि श्वास कसा धरायचा ते आधी स्वतः करून दाखवा.

"काढा ते सगळं"

छातीच्या फोटोत मंगळसूत्र, सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक सगळं उमटतं. खांद्यावरून पुढं आलेली वेणी फुप्फुसाच्या टोकावर सावली टाकते आणि विनाकारण टीबीची शंका उभी राहते. पुरुषांच्या कमरेच्या फोटोत चांदीचा करदोडा असतोच. म्हणजे काढायला तर सांगावंच लागतं, पण हुकूम सोडून नव्हे. मंगळसूत्र उतरवणं अनेकींच्या जिवावर येतं. "ताई, फोटोत डाग दिसला तर परत काढावा लागेल, तेवढ्यापुरतं आईंकडे द्या" म्हटलं की बऱ्याच जणी ऐकतात. नाहीच ऐकलं तर हनुवटीपर्यंत वर ओढून घेता येतं. दागिना आपल्या खिशात मात्र कधीच ठेवू नका. पुढं काही झालं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

मुलांनी बाईपेशंटची पोझिशन घेताना महिला कर्मचारी किंवा तिच्या घरातली बाई खोलीत असू द्या. एक्सपोजरच्या वेळी त्या काचेमागं येतील. हात लावण्याआधी "खांदा थोडा पुढं घेतो हं" एवढं बोला. आपण विद्यार्थी आहोत हेही सांगा. पेशंट नको म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे, रुसायचं काही नाही.

पाळीचं विचारायचं राहून गेलं

विचारलं तरी सासूसमोर विचारलं, तर खरं उत्तर मिळेलच असं नाही. पडद्याआड, हळू आवाजात विचारा, आणि लग्न झालं नाही म्हणून कुणाला वगळू नका. पाळी चुकली असेल तर बटण दाबू नका आणि तिला घरीही पाठवू नका; रेडिओलॉजिस्टना सांगा. छातीच्या एका फोटोत गर्भाला पोचणारा किरणांचा डोस ०.०१ मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप), म्हणजे अगदी कमी असतो, त्यामुळे गरज असली तर डॉक्टर "काढा" म्हणू शकतात. पोटाचा सीटी ही वेगळी गोष्ट. निर्णय त्यांचा, विचारणं तुमचं.

"गावाकडचा माणूस आहे, घे की एक फोटो"

चिठ्ठी नाही तर फोटो नाही, मग सख्खा मामा असो. सरावासाठी एकमेकांचे हात काढणं हाही तोच गुन्हा समजा. कारणाशिवाय किरण द्यायचे नाहीत, हा किरण-संरक्षणाचा पहिला नियम.

लहान मूल हलतंय म्हणून रोज तुम्हीच धरून उभे राहू नका. आधी पट्ट्या-सँडबॅग वापरून बघा. नाहीच जमलं तर गरोदर नसलेल्या नातेवाइकाला लेड ॲप्रन घालून धरायला सांगा. तुमचा टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला) ॲप्रनच्या आत, छातीवर हवा. ॲप्रनला अडकवून खोलीतच राहिला तर तुम्ही न घेतलेला डोस तुमच्या नावावर चढतो. परमाणू ऊर्जा नियामक मंडळाची किरणांसोबत काम करणाऱ्यांसाठीची मर्यादा सलग ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावरच्या डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी आहे. चुकीच्या आकड्याचा खुलासा लिहिताना घाम फुटतो. ॲप्रन घडी घालू नका, टांगा. आतलं शिसं चिरतं.

तोंड आणि मोबाइल

"काय निघालं ओ?" हा प्रश्न येणारच. मोडलेलं हाड डोळ्यांसमोर दिसत असलं तरी "रिपोर्ट डॉक्टर सांगतील" हेच उत्तर. फोटो गंभीर वाटला तर सिनियरना लगेच दाखवा. नावासकटचा एक्स-रे स्टेटसला टाकणं तर सोडाच, मित्रांच्या ग्रुपवरही नको. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात येतात, म्हणजे एमएलसी, पोलिसांत नोंद होणारी केस. तिथं नंबर, तारीख, वेळ, मार्कर यातलं काहीही सुटता कामा नये, आणि नातेवाइकानं कितीही गळ घातली तरी फिल्म परस्पर त्याच्या हातात द्यायची नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत "पेढा की बर्फी?" असं कुणी हसत विचारलं, तर तुम्ही हसूसुद्धा नका. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्यात गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणेनं, कसंही कळवायला बंदी आहे. याच मिरज तालुक्यात, म्हैसाळला, मार्च २०१७ मध्ये १९ भ्रूण सापडले होते. पुन्हा विचारलं तर तिथल्या तिथं डॉक्टरांच्या कानावर घाला.